बेसवाल्याचं बिऱ्हाड

प्रोग्रॅम सातचा असला की गायिका पावणेसातला येते, निवेदक सहाला, ढोलकीवाला साडेपाचला. बेसवाला मात्र चारलाच रंगमंदिराच्या मागच्या दाराशी हजर असतो, आणि दाराची किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस नेमका चहाला गेलेला असतो. सामान रिक्षातून आलेलं असतं. त्या रिक्षात खुद्द बेसवाल्याला जागा उरलेली नसल्यामुळे तो मागून स्कूटरवर आलेला असतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, याचं पाठीवर मावत नाही. एक गिटार, एक हेड, एक बॉक्स आणि एक जुनी सूटकेस. हेडमध्ये ॲम्प्लिफायर, बॉक्समध्ये स्पीकर. सूटकेसमध्ये काय असतं ते पुढे येईलच, कारण कुणाचं ना कुणाचं काहीतरी बंद पडणारच आहे.

पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, कुठलाही ऑर्केस्ट्रा घ्या, त्यात असे एक काका असतात. बँकेतून निवृत्त, केसांना काळा रंग, शर्टाच्या खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. ते चार जाड तारांची गिटार वाजवतात. ती सगळ्यांना ऐकू येते, पण आपण ती ऐकतोय हे फारच थोड्यांना कळतं. बंद पडली की मात्र गाणं एकदम चप्पल हरवल्यासारखं चालायला लागतं, आणि मग सगळे काकांकडे बघतात. चाळीस वर्षांत प्रेक्षकांनी त्यांच्याकडे बघितलं ते एवढंच. आर. डी. बर्मनची गाणी तोंडपाठ असणाऱ्यांना टोनी वाझ हे नाव विचारून बघावं. पंचमच्या ताफ्यात बेस वाजवणारा हा माणूस किती जणांना ठाऊक असतो? काकांना ठाऊक असतो, आणि तो इतरांना ठाऊक नाही याचं त्यांना एक प्रकारचं समाधानही असतं.

या दुर्लक्षाचा परिणाम असा झाला आहे, की काकांचा जीव वाजवण्यापेक्षा जोडण्यात जास्त रमतो. आपल्या पंथाचा मूळपुरुषच मुळी मेकॅनिक होता, असं ते सांगतात, आणि ते खरं आहे. १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणणाऱ्या लिओ फेंडरचं कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. दुसऱ्याच वर्षी त्याने बेससाठी बेसमन नावाचा ॲम्प काढला. इथे काकांचा आवाज चढतो. कारण बेसवाल्यांसाठी केलेला हा ॲम्प गिटारवाल्यांना इतका आवडला, की त्यांनी तो पळवलाच. पुढे साठीच्या दशकात लंडनला ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलच्या माणसांनी त्याच बेसमनच्या सर्किटवरून पहिला मार्शल केला. "म्हणजे जगातला सगळा रॉक आमच्या ताटातून उचललेला आहे," असं म्हणून काका आपल्या बँडमधल्या गिटारवाल्या पोराकडे रोखून बघतात. पोराचा जन्म २००३ सालचा. तो बिचारा सॉरी म्हणतो.

काकांच्या घरी हॉलमध्ये जो बॉक्स आहे, तो पाहुण्यांना सोफ्याचा उरलेला भाग वाटतो. त्यावर क्रोशाचं कव्हर आहे, आणि काकूंनी त्यावर मनीप्लांट ठेवला होता तो एका सरगमच्या रियाजात चालत चालत कडेला जाऊन खाली पडला. काकांच्या स्वप्नातला ॲम्प वेगळाच आहे. ॲम्पेग कंपनीने १९६९ साली काढलेला एसव्हीटी. ३०० वॅट, चौदा व्हॉल्व्ह, आणि खाली दहा इंची आठ स्पीकरांचा फ्रिजएवढा बॉक्स. त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सनी अमेरिकेच्या दौऱ्यावर तो नेला. लोक १९८३च्या वर्ल्ड कपबद्दल बोलतात त्या आवाजात काका या दौऱ्याबद्दल बोलतात. नुसत्या हेडचं वजन चाळीस किलोच्या आसपास. काका तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टवर "दुरुस्ती चालू आहे" अशी पाटी कायमची रंगवलेली आहे, त्यामुळे स्वप्न स्वप्नच राहिलं हे बरं झालं.

त्यातल्या त्यात एकदा न्यू जर्सीच्या जावयाने नव्या जमान्याचा ॲम्प आणला. क्लास डी जातीचा, ५०० वॅटचा, आणि वजन तीन किलोसुद्धा नाही. घरातल्या सगळ्यांनी कौतुक केलं. काकांनी तो आधी उलटा करून मागची पट्टी वाचली. तिथे १२० व्होल्ट लिहिलेलं होतं. भिंतीत २३०. सरळ प्लग लावला असता तर जावयाचं प्रेम एका "फट्" आवाजात संपलं असतं. मग तापकीर गल्लीतून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला गेला. तो ॲम्पपेक्षा जड आहे. काका दोन्ही उचलून नेतात आणि नवीन ॲम्प किती हलका आहे ते वाटेत सांगतात.

आता सूटकेस. तिच्यात वायरी आहेत, आणि त्या वायरींवर काकांचं एक छोटं व्याख्यान आहे. गिटारमधून ॲम्पमध्ये जाणारी वायर आणि हेडमधून बॉक्समध्ये जाणारी वायर दिसायला जुळ्या बहिणी. दोन्हींची पाव इंची पिन तीच, जी एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी निघाली. पण पोटात फरक. गिटारच्या वायरीत बारीक तार आणि तिच्याभोवती जाळीचा पदर, बाहेरची घरघर आत येऊ नये म्हणून. स्पीकरच्या वायरीत दोन जाड तारा, कारण तिथून खरोखरचा करंट जातो. अदलाबदल केली तर एकीकडे वायर तापते, दुसरीकडे घरघर सुरू होते. म्हणून काकांनी स्पीकरच्या वायरींना लाल टेप गुंडाळली होती. गणपतीत मंडळाच्या पोरांनी सगळ्याच वायरींना लाल टेप गुंडाळली, कारण दुकानात लालच शिल्लक होती.

ओहमचं गणित समजावताना तर काका थेट पंगतीत शिरतात. ॲम्प म्हणजे वाढपी, स्पीकर म्हणजे जेवणारा, आणि ओहम म्हणजे जेवणाऱ्याचा संकोच. आठ ओहमचा पाहुणा "पुरे, पुरे" म्हणत हात आडवा धरतो. चार ओहमचा पान पुढे करतो. आठचे दोन पाहुणे शेजारी शेजारी बसवले की वाढप्याला ते मिळून एका चार ओहमच्या खादाडासारखे वाटतात. तिसरा बसवला की संकोच उरतो पावणेतीनच्याही खाली, आणि हेडच्या मागे तर लिहिलेलं असतं, कमीत कमी चार. "मग वाढपी घेरी येऊन पडतो. आणि जुना व्हॉल्व्हचा ॲम्प असला आणि पंगतीत कुणीच नसलं, बॉक्सच जोडला नसला, तरी तो भरलेली बादली घेऊन तडफडतो. त्याचा ट्रान्सफॉर्मर जातो." हे इतकं चोख आहे, की इंजिनिअरिंगच्या पोरांनीही वहीत उतरवून घ्यावं. काका सांगत असतात तेव्हा कीबोर्डवाला तिसरा बॉक्स जोडतच असतो.

सगळंच मात्र चोख नसतं. "बेसची लाट लांब असते, आठ मीटरची, ती उलगडायला जागा लागते, म्हणून जवळ उभं राहिलं की ऐकू येत नाही," हे काकांचं आवडतं वाक्य. लाट आठ मीटरची असते हे बरोबर, सगळ्यात खालच्या ई तारेचा सूर ४१ हर्ट्झचा असतो. पण उलगडण्याची गोष्ट थाप आहे. तसं असतं तर हेडफोनमध्ये बेस कधीच वाजला नसता. काकांना ऐकू येत नाही याचं कारण बॉक्स गुडघ्यापाशी असतो आणि माणसाचे कान गुडघ्यात नसतात. बॉक्स खुर्चीवर ठेवला की लगेच ऐकू येतं. पण हे त्यांना सांगण्याची हिंमत मागच्या वर्षी फक्त एका साउंडवाल्याने केली, आणि आता त्या साउंडवाल्याला टेस्टर मिळत नाही.

साउंडवाला आणि बेसवाला हे भांडण तसं कुलदैवतासारखं, प्रत्येक घराण्यात असणारच. साउंडवाल्याचं म्हणणं असतं, "काका, बॉक्स कशाला आणता? डीआयमधून लाइन द्या, मी मिक्सरवर घेतो." डीआय म्हणजे बेस थेट मिक्सरला जोडून देणारी डबी. साउंडवाल्याचं चूक नसतं. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमर्सनचा बेस बहुतेक वेळा असाच थेट रेकॉर्ड व्हायचा. पण काकांना पोटात धडधड लागते. ते लाइन देतात, आणि बॉक्सही चालू ठेवतात. साउंडवाला समोरून दोन बोटांनी खाली, खाली अशी खूण करतो. काका वाकून एक बटण फिरवतात. ते ट्रेबलचं असतं.

खरे काका बघायचे ते गणपतीच्या मांडवात. तिथे एकदा साडेसहाला अध्यक्षांनी माइक तपासला आणि मागून "घोंऽऽ" असा आवाज लागला. मांडववाला म्हणाला गिटार बंद करा. काकांनी बेसमधून पिन काढली, घोंऽऽ तसाच. मग ते डोळे मिटून उभे राहिले. वीज आपल्याकडे ५० हर्ट्झची. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला जी हा सूर, ४९ हर्ट्झ. म्हणजे घोंऽऽ हा किंचित चढा जी. "अमेरिकेत ६० हर्ट्झ," काका डोळे न उघडता म्हणाले, "तो ए-शार्प आणि बी यांच्या बरोब्बर मध्ये, कुठल्याच सुरात नाही. आपली वीज निदान सुराच्या आसपास तरी आहे." अध्यक्ष म्हणाले, ते ठीक आहे, पण आरती सातला आहे.

मग तपास सुरू झाला. एकेक वायर काढायची, ऐकायचं, परत लावायची. ढोलकीचा माइक, नाही. गायिकेचा माइक, नाही. कीबोर्डवाल्याच्या लॅपटॉपचा चार्जर ओढला आणि आवाज गप्प. चार्जरची वायर हातात धरून काका तिच्या मागोमाग निघाले. मांडवाच्या मागे, नारळाच्या पोत्यांवरून, शेजारच्या सोसायटीच्या जिन्यात. स्टेजचा बोर्ड जनरेटरवर आणि लॅपटॉपचा सोसायटीच्या मीटरवर. दोन ठिकाणचं अर्थिंग, मध्ये आवाजाच्या वायरीने झालेला पूल, आणि त्या पुलावरून घोंऽऽ ये-जा करत होता. चार्जर स्टेजच्या बोर्डात लावला, डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं, शांतता.

मधल्या वेळात मांडववाल्याने एक सोपा उपाय सुचवला होता, "ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन तोडून टाका ना." एरवी थट्टेत असणारे काका एवढ्यावर चिडतात. १९७२च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सीत लेस हार्वी हा गिटारवाला अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून शॉकने स्टेजवरच गेला. त्याच्या हातात गिटार होती. काका ही गोष्ट सांगतात, आणि पक्कड स्वतःच्या सूटकेसमध्ये ठेवून कुलूप लावतात.

त्यांचा सगळ्यात गाजलेला इलाज मात्र वीतभर वायरीचा. एका नाट्यगृहात बाहेरून आलेल्या बँडचा महागडा ॲम्प ऐन वेळी मुका झाला. दिवा लागलेला, फ्यूज ठीक, आवाज नाही. काकांनी मागच्या सेंड आणि रिटर्न या दोन भोकांमध्ये एक आखूड वायर जोडली, आणि ॲम्प गर्जायला लागला. त्या भोकांच्या आत पत्तीचा एक स्विच असतो. पिन नसली की तो आवाजाला पुढची वाट देतो. वर्षानुवर्षं त्यात कुणी पिन घातलीच नाही तर पत्ती काळवंडते आणि वाट बंद. बँडमधल्या बेस वाजवणाऱ्या मुलीने, जिच्या मोबाइलवर बेसवादक मोहिनी डेचे व्हिडिओ होते, काकांच्या पाया पडून ती वायरच मागून घेतली. काकांनी दिली. मग तिच्या बेसच्या पोटातल्या नऊ व्होल्टच्या बॅटरीवर तिला बजावलं. "ॲक्टिव्ह बेसला स्विच नसतो, पोरी. पिन घातली की बॅटरी सुरू, काढली की बंद. वाजवून झालं की पिन काढायची. तशीच राहिली की बॅटरीचं मढं."

तर त्या मांडवातला कार्यक्रम साडेदहाला संपला. गायिकेला शाल, ढोलकीवाल्याला नारळ, निवेदकाने आभार मानताना बेसच्या ठिकाणी "आणि इतर वादक" म्हटलं. एका आजोबांनी जवळ येऊन विचारलं, की ती मोठी गिटार जोडलेली होती का. काका ॲक्टिव्ह बेस पिशवीत ठेवत होते, इतक्यात साउंडवाला ओरडला, "काका, टेस्टर द्या, मिक्सर शॉक मारतोय!" काका तसेच धावले. परत आले तेव्हा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. त्यांनी वायर गुंडाळून पिशवीत कोंबली, चेन ओढली. पिन बेसमध्येच होती.

रविवारी सकाळी हॉलमध्ये क्रोशाचं कव्हर काढून काका रियाजाला बसले. आवाज नाही. त्यांनी स्पीकरची वायर बदलली, मग गिटारची वायर बदलली, मग सेंड-रिटर्नला जोडायला वीतभर वायर शोधली आणि ती देऊन टाकल्याचं त्यांना आठवलं. साडेअकरापर्यंत हेडचं झाकण निघालं होतं आणि स्क्रू पोह्यांच्या बशीत होते. काकू म्हणाल्या, "अहो, त्यातली ती बॅटरी का काय ती बघितलीत का?" काका म्हणाले, "तुला यातलं कळत नाही. टेस्टर कुठाय?" टेस्टर साउंडवाल्याकडे राहिला होता.