स्थिरशशकमीमांसा

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध सांगावेत, असा आपल्याकडचा दंडक आहे. तो मोडण्याची प्रस्तुत लेखकाची छाती नाही. विषय: इंग्लंडातल्या कुरणावर रात्री बॅटरीचा झोत अंगावर पडला तरी जागचा न हलणारा ससा, आणि तो पकडायला कॉली-संकर लर्चर कुत्र्याला कसे शिकवावे हा प्रश्न. प्रयोजन: रस्सा. संबंध: कुत्र्याचा सशाशी, सशाच्या मते तो जितका दूरचा तितका बरा. अधिकारी: ज्याच्यापाशी कुत्रा, बॅटरी, रबरी बूट आणि शेतमालकाची परवानगी आहे, आणि अमावास्येच्या सोसाट्याच्या रात्री 'जाऊन या' म्हणणारे कुटुंब ज्याला लाभले आहे, असा कोणीही जिज्ञासू.

अधिकारविचार

परवानगीचा मुद्दा किरकोळ नाही. २००४ च्या हंटिंग ॲक्टने इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी रानटी सस्तन प्राण्यांची शिकार बंद केली. कोल्हे वाचले. ससे आणि उंदीर मात्र, जमीनमालक राजी असेल तर, या बंदीतून वगळले गेले. त्यातही तारतम्य आहे: बिळात राहणारा ससा बंदीबाहेर, आणि उघड्यावर राहणारा त्याचा लंबकर्ण भाऊबंद हेअर बंदीच्या आत. आपल्या माळावरचा ससा या दुसऱ्या घराण्यातला असून त्याच्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आहे. तेव्हा मराठी वाचकाने प्रस्तुत ग्रंथाचे फक्त पारायण करावे, प्रयोग करू नये.

इंग्लंडातला ससा मुळात इंग्लंडचा नव्हेच. तो इबेरियाचा. बाराव्या शतकात नॉर्मन सरदारांनी मांसासाठी आणि कातड्यासाठी त्याला राखीव टेकाडांवर पाळले. तो तिथून निसटला आणि गव्हात शिरला. १९५३ साली मिक्सोमॅटोसिसची साथ आली. शंभरातले नव्याण्णव ससे गेले, आणि राहिलेल्या एकाने वंशाची जबाबदारी उचलली. १९५४ च्या पेस्ट्स ॲक्टखाली जवळपास सगळे इंग्लंड आणि वेल्स ससे हटवण्याचे क्षेत्र ठरले आहे. अपवाद तीनच: सिली बेटे, स्कोकहोम बेट आणि लंडनची सिटी. सिटीत बँका आहेत. कुरतडण्याचे काम तिथे इतर मंडळी पाहतात.

पूर्वपक्ष: ग्रेहाउंड

लर्चर ही जात नव्हे, तडजोड आहे. एका अंगाने ग्रेहाउंडसारखा नजरेवर शिकार करणारा चपळ कुत्रा, दुसऱ्या अंगाने मेंढपाळाचा कॉली किंवा एखादा टेरियर. पाय एकाचे यावेत आणि अक्कल दुसऱ्याची, अशी पैदास करणाऱ्याची अपेक्षा असते. पण पिल्लू वाटणीपत्र वाचून जन्माला येत नाही.

ग्रेहाउंडचे तत्त्वज्ञान एका सूत्रात मावते: जे पळते ते आहे. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर १९२६ साली विजेवर धावणारा खोटा ससा सोडण्यात आला, तेव्हा ग्रेहाउंडांनी त्याचे अस्तित्व बिनशर्त मान्य केले. खरा ससा चार पावलांवर बसलेला असेल, तर त्याला मात्र हे कुळ हिशेबात धरत नाही. आपल्या दर्शनकारांनी असत् वस्तूचा दाखला म्हणून सशाचे शिंग शतकानुशतके राबवले. शिंग नसले तरी ससा आहे, एवढे त्यांना तरी कबूल होते. ग्रेहाउंड त्यांच्या एक पाऊल पुढे जाऊन शिंगासकट ससा निकालात काढतो.

कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. दिसण्याजोगा घडा जमिनीवर दिसत नाही, त्या अर्थी तिथे घडा नाही. या बाबतीत ग्रेहाउंड कडवा भाट्ट आहे. फक्त 'दिसण्याजोगा' ही अट तो घाईत गाळतो.

त्याच्या डोळ्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. १९३६ साली चौदा पोलिसी कुत्र्यांची परीक्षा झाली. त्यांतल्या सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या कुत्र्यांना हलती वस्तू ८१० ते ९०० मीटरवरून ओळखू आली. तीच वस्तू थांबली, की अंतर ५८५ मीटरपर्यंत किंवा त्याहून कमी करावे लागले. सिडनीच्या पॉल मॅकग्रीव्ही यांनी सहकाऱ्यांसह २००४ साली दाखवून दिले, की कुत्र्याचे नाक जितके लांब, तितक्या त्याच्या डोळ्यातल्या चेतापेशी आडव्या पट्ट्यात पसरलेल्या असतात. ग्रेहाउंडचे नाक केवढे, हे सांगायला नको. क्षितिजावरची धावती ओळ त्याला घडाघडा वाचता येते. बसलेला ससा ही त्याच्या लेखी समासातली टीप.

शशकमत

नवल असे, की ससाही याच संप्रदायातला आहे. जे हलत नाही ते नाही, हे सूत्र त्यालाही मान्य आहे. ग्रेहाउंड ते दुसऱ्याला लावतो, ससा स्वतःला. बिळापासून लांब चरायला आलेल्या सशावर झोत पडला, की तो पोट गवताला टेकवतो, कान पाठीवर चपटे करतो. त्याच्या हृदयाचे ठोकेही मंदावतात. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मान न वळवता त्याला जवळपास सगळे वर्तुळ दिसते. म्हणजे स्वतःचा अभाव सिद्ध करत असताना प्रतिपक्षावर त्याची नजर असतेच. नेमके नाकासमोरचे तेवढे त्याला दिसत नाही, पण हा दोष बऱ्याच विद्वानांत आढळतो.

तिसरा पक्ष माणसाचा. कुत्रा, मांजर, कोल्हा यांच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा एक थर असतो, सशाच्या डोळ्यात तो नसतो. म्हणून झोतात कोल्ह्याचा डोळा लखलखतो, आणि सशाचा नुसता मंद तांबूस ठिपका दिसतो. तो ठिपका हेरणारा माणूस हा त्या कुरणावरचा एकमेव वास्तववादी होय. पण त्याला पळता येत नाही.

उत्तरपक्ष: कॉली

इथे कॉलीचे रक्त कामी येते, असा सर्वसाधारण समज आहे. कॉली स्थिर वस्तूचे अस्तित्व मानतो. किंबहुना तोच त्याचा व्यवसाय आहे. वेल्समधल्या बाला गावी १८७३ साली मेंढपाळी कुत्र्यांची स्पर्धा भरली, आणि १८९३ साली नॉर्थम्बरलँडमध्ये ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा जन्मला. तो मेंढ्या भुंकून नव्हे, रोखून पाहून हलवी. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींच्या वंशावळीत तो सापडतो, आणि ती नजरही.

परंतु उत्तरपक्षातही दोष आहे. शिकारी जनावराचे काम पायऱ्यापायऱ्यांनी चालते: हेरणे, रोखून पाहणे, दबकत जाणे, धावणे, धरणे, मारणे. चावलेली मेंढी मेंढपाळाला परवडत नाही, म्हणून कॉलीत पिढ्यान्‌पिढ्या शेवटच्या पायऱ्या दाबल्या गेल्या आणि रोखून पाहण्याला धार लावली गेली. परिणामी, ससा आहे हे ग्रेहाउंडचा अंश मानत नाही; कॉलीचा अंश मानतो, पण मानण्यावरच थांबतो. कुत्रा एक पाय उचलून सशाकडे बघतो. ससा हलत नाही. हलेल तेव्हा पाहू म्हणून कुत्रा हलत नाही. कुत्रा काय करतो हे पाहायचे म्हणून माणूस हलत नाही. बॅटरी उतरत जाते. या अवस्थेला प्रस्तुत लेखक 'त्रिपुटी समाधी' असे नाव सुचवतो.

साधनविचार

समाधी मोडण्याबाबत दोन संप्रदाय आहेत. लत्तावादी म्हणतात, पुढे होऊन बुटाच्या टोकाने सशाला उठवावे. तो पळेल, पळता ससा कुत्र्याला दिसेल. तर्क बिनतोड आहे आणि निष्पत्ती घातक. ससा उठवणे हे माणसाचे काम, असे कुत्रा एकदा शिकला की आयुष्यभर तो मालकाच्या बुटाकडे बघत उभा राहतो.

दुसरा संप्रदाय व्याप्तिवादी. जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. तसे जिथे जिथे झोताचे टोक, तिथे तिथे ससा, ही व्याप्ती कुत्र्याच्या मनात रुजवावी. आधी दिवसाउजेडी, सशाचे कातडे गुंडाळलेली पुंगळी गवतात ठेवून आणायला लावावी. ती फेकू नये, ठेवावी. फेकलेली वस्तू पळते, आणि पळणाऱ्यावर कुत्र्याचा विश्वास आधीपासून आहेच. मग तीच पुंगळी रात्री झोतात. मग खरा ससा: वारा सशाकडून आपल्याकडे येत असावा, कुत्रा पट्ट्यावर असावा, आणि माणसाने झोताच्या कडेने अगदी जवळ जावे. डोळा जे नाकारतो ते नाक कबूल करते, आणि गंध हलण्याची वाट बघत नाही. पट्टा सोडायचा तो त्या घटकेला. पहिल्या खेपांना कुत्रा बहुधा सशावरून उडी मारून पुढे जातो. नसलेल्या वस्तूला अडखळणार कसे? मागून ससा उठतो, पळतो, आणि कुत्र्याच्या मनात पहिली शंका उगवते. सगळे ज्ञान शंकेतूनच सुरू होते.

हेत्वाभासही लक्षात ठेवावेत. चिचुंदरीसारख्या मोल या प्राण्याने उकरलेली मातीची ढिगुळे, ओले ढेकूळ, काटेरी झुडूप हे झोतात सशासारखेच भासतात. कुत्र्याने तोंडभर माती आणली तर रागावू नये; हेतू सव्यभिचारी होता, कुत्रा नव्हे. ससा हुकला की बॅटरी विझवावी. अंधारात काटेरी तारेवर आदळण्यापेक्षा मालकाकडे परतणे बरे, हे अनुमान कॉलीचे रक्त लवकर करते.

सिद्धान्त

वरील ऊहापोहातून एकच गोष्ट निष्पन्न होते. बसलेला ससा कुत्र्याला प्रत्यक्षाने कळत नाही, शब्दप्रमाणाने कळतो. आणि शब्द म्हणजे इथे बॅटरीचा झोत. शब्दप्रमाण खरे ठरते ते सांगणारा आप्त, म्हणजे भरवशाचा, असेल तरच. उगाच रिकाम्या गवतावर झोत फिरवणाऱ्या, ढेकळाला ससा म्हणणाऱ्या आणि शंभर पावलांवरून 'अरे, तो काय समोर!' असे ओरडणाऱ्या माणसाचे आप्तत्व दोन रात्रींत संपते. ग्रेहाउंड अशा माणसाचे सांगणे मुळातच ऐकत नाही. कॉली ऐकतो, लक्षात ठेवतो, आणि पुढे झोताकडे दुर्लक्ष करून कुंपणाच्या फटीपाशी जाऊन बसतो, कारण ससे शेवटी तिथूनच जातात. लोक याला लबाडी म्हणतात. न्यायाच्या दृष्टीने हा कुत्र्याने काढलेला स्वतंत्र निष्कर्ष असून तो सहसा बरोबर असतो. म्हणून शिक्षण कुत्र्याचे म्हणावे, परीक्षा मात्र बॅटरी धरणाऱ्याची.

फलश्रुती

जो या मीमांसेचे एकाग्र चित्ताने अनुष्ठान करील, त्याला बसलेले ससे धरणारा कुत्रा प्राप्त होईल. त्याच्या कुरणावरचे बसून राहणारे ससे एकेक करून संपतील. मागे उरतील ते झोत पाहिलेले आणि वाचलेले ससे. ते भाट्टमत सोडून देतात आणि पुढच्या वेळी बॅटरीचे बटण दाबताच बिळाकडे सुसाट सुटतात. त्यांना पकडायला या ग्रंथाची काहीच गरज नाही. तिथे साधा, अडाणी ग्रेहाउंड पुरतो.