सातच्या बँडसाठी कायपण

एव्हरिल कॉक्सहेड या न्यूझीलंडच्या भाषातज्ज्ञ बाईंनी 35 लाख शब्दांचा विद्यापीठीय मजकूर चाळून 2000 साली 570 शब्दकुळांची एक यादी छापली. हेतू साधा होता : परक्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तक कळावं. ती यादी पुढे आपल्या क्लासवाल्यांच्या हाती लागेल, याची त्या माउलीला काय कल्पना!

आता आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सातचा बँड (म्हणजे गुणांची श्रेणी) मिळवायला बसणारं पोरगं सकाळी दहा, संध्याकाळी दहा असे शब्द गिळतं. पाण्याबरोबर घ्यायचे की जेवणानंतर, एवढंच सर सांगत नाहीत. मग विषय शहरातल्या वाहतुकीचा असो की म्हाताऱ्यांच्या एकटेपणाचा, निबंधाच्या पहिल्याच ओळीत ‘प्लेथोरा’ हजर! (तो कॉक्सहेडबाईंच्या यादीत नाहीच, क्लासने पदरचा घातलाय.) चाळीस मिनिटांत अडीचशे शब्द लिहायचे, त्यात मुद्दा कुठला, असं विचारायचं नसतं. शब्दसंपत्तीला गुणांचा चौथा हिस्सा आहे ना? मुद्द्यालाही तेवढाच आहे म्हणे, पण त्याची छापील यादी मिळत नाही.

शिवाय ही सगळी विद्वत्ता साधारण दोन वर्षंच चालते. नंतर निकाल शिळा, पुन्हा फी भरा.

परीक्षक पाठ केलेली वाक्यं ओळखतात आणि गुण कापतात, ही बातमी आता क्लासपर्यंतही पोचली आहे. त्यामुळे पाठ न केल्यासारखे वाटणारे निबंध पाठ करून घेण्याची वेगळी बॅच निघाली आहे. अर्थात, फी थोडी जास्त.