बिकानेरला जायचे कोणी?

बिकानेर जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेच्या रजिस्टरात एका मुलाची जन्मतारीख लिहिलेली होती. १ फेब्रुवारी १९८२.

ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एकाच कुटुंबातल्या सात जणांची हत्या झाली. शहर हादरले, आणि हादरावे असेच ते होते. पकडलेल्यांत हा मुलगा होता. १९९८ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने ती कायम केली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने. खटला चालला तो वेगळ्याच नावाने. मग मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रजिस्टर ग्राह्य धरले. गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. इतक्या लहान मुलाला कायद्याने फाशी देताच येत नाही. तो दोषी आहे असे धरले तरी जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात. तो २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता.

रजिस्टर कोणी दडवले नव्हते. शाळा सरकारी, नोंद सरकारी. कोणीतरी रेल्वेचे तिकीट काढून तिथे जायचे होते, मुख्याध्यापकांकडे उतारा मागायचा होता आणि तो कोर्टात दाखल करायचा होता. गरीब आरोपीच्या वतीने हे काम करायचे कोणी? माझे या आठवड्याचे भांडण एवढ्याच प्रश्नाशी आहे.

आता आपल्याकडे त्यासाठी कार्यालय आहे. लोक अभिरक्षक कार्यालय. बहुतेक जिल्हा न्यायालयांच्या आवारात ही पाटी दिसते आणि बहुतेक लोक ती न वाचता पुढे जातात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये ही योजना देशभर नेली. मुख्य लोक अभिरक्षक, उपमुख्य, सहायक अशी वकिलांची फळी. मुख्य पदासाठी फौजदारी वकिलीचा किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. काम एकच: ज्याला वकील परवडत नाही अशा आरोपीचा बचाव, अटकेपासून अपिलापर्यंत. खासगी वकिली करायची नाही.

ही शेवटची अट सगळ्यांत मोलाची. आधीच्या पद्धतीत पॅनेलवरचा वकील स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून मोफतची केस चालवायचा. मानधन तुटपुंजे, तेही उशिरा. त्यातही जीव तोडून काम करणारे होते, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण व्यवस्था त्यांच्या चांगुलपणावर उभी होती, आणि चांगुलपणा दर तारखेला हजर राहील याची हमी कोणी देत नाही. कित्येक आरोपी आपल्या वकिलाला पहिल्यांदा पाहायचे ते पुरावा सुरू होण्याच्या दिवशी. आता निदान पूर्णवेळ वकील आहे, बसायला जागा आहे, नातेवाइकांना विचारपूस करायला दार आहे. हे पाऊल योग्य आहे आणि ते टिकले पाहिजे.

टिकले पाहिजे म्हणतो, कारण ते करारावर आहे. ठरावीक मुदतीची नेमणूक, मग काम पाहून मुदतवाढ. समोर मॅजिस्ट्रेट कोर्टात उभा असतो सहायक सरकारी अभियोक्ता. तो एमपीएससीतून आलेला, कायम नोकरीतला. त्याच्या मागे पोलीस ठाणे, पंचनामे, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, हवी तेव्हा गाडी. लोक अभिरक्षकाच्या मागे कारकून, टंकलेखक, शिपाई. या योजनेच्या पदांत वस्तीवर जाऊन साक्षीदार शोधणारा माणूस नाही. शाळेचा दाखला आणणारा नाही. आरोपी त्या रात्री ज्या वीटभट्टीवर होता असे सांगतो, तिथल्या मुकादमाला भेटणारा नाही. बचावाचे अर्धे काम कोर्टाच्या बाहेरचे असते, आणि त्या अर्ध्या कामाला आपण पदच ठेवलेले नाही.

असा माणूस काय करू शकतो, हे मुंबईत दिसलेले आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पाचे समाजकार्यकर्ते १९९० पासून तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत काम करतात. घरच्यांना गाठायचे, कागद जमवायचे, जामीन मिळालेला माणूस प्रत्यक्ष बाहेर पडेपर्यंत पिच्छा पुरवायचा. तीस-पस्तीस वर्षांचा नमुना डोळ्यांपुढे असताना प्रत्येक लोक अभिरक्षक कार्यालयात असे दोन कार्यकर्ते द्यायला अडचण कसली? एका जिल्ह्याला दोन पगार आणि प्रवासखर्च.

बचाव कच्चा राहिला की काय होते, त्यासाठी आता नाशिक. जून २००३ मध्ये नाशिकरोडजवळ एका कुटुंबावर दरोडा पडला, खून झाले, बलात्कार झाला. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. मग ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांच्या अल्बममधले फोटो पाहून वेगळीच चार माणसे ओळखली होती. त्या चौघांच्या मागे कोणी गेले नाही. आरोपी गरीब, भटके, मजूर आहेत, आणि गंभीर गुन्ह्यांत अशा निरपराधांना गोवले जाते, हेही न्यायालयाने निकालात नोंदवले. सोळा वर्षे गेली. सहा जणांपैकी एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

‘पीडितांचे काय?’ असे विचारणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. प्रश्न खरा आहे, त्याची टिंगल मी करणार नाही. पीडितांसाठी सरकारी वकील आहे. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी मनोधैर्य योजना आहे, आणि तिचे काम पाहणारे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण हेच लोक अभिरक्षक कार्यालयही सांभाळते. पण नाशिकच्या त्या महिलेला काय मिळाले? तिच्या घरातली माणसे मारणारे मोकळे राहिले. कारण चुकीची माणसे आत टाकून फाइल बंद झाली होती. सुरुवातीलाच एका चांगल्या वकिलाने त्या अल्बमवरून उलटतपासात घाम फोडला असता, तर कदाचित पोलिसांना खऱ्या चौघांच्या मागे जावे लागले असते. कच्च्या बचावाचा फटका सगळ्यांत आधी पीडितालाच बसतो.

जिल्ह्याजिल्ह्यांत अजून एक प्रकार चालतो. एखादा भीषण गुन्हा घडतो, संताप उसळतो, आणि वकील संघ ठराव करतो की आरोपीचे वकीलपत्र कोणी घ्यायचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट सांगितले आहे की असे ठराव बेकायदा आहेत, त्यांना कवडीची किंमत नाही. तरी ठराव होतात आणि आपण टाळ्या वाजवतो. अशा वेळी उभा राहतो तो लोक अभिरक्षक. गावात त्याला नजरा सोसाव्या लागतात, त्याच्या मुलांना शाळेत बोल ऐकावे लागतात. २००९ मध्ये २६/११ च्या हल्ल्यातल्या कसाबसाठी न्यायालयाने वकील नेमला, तेव्हा त्या वकिलाच्या मुंबईतल्या घरासमोर जमाव चालून गेला होता. न्यायालयाने सोपवलेले काम करणाऱ्या माणसाच्या दारात दगड घेऊन जाणे हा भ्याडपणा आहे.

कसाबच्याच खटल्यात २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जे लिहिले, ते प्रत्येक रिमांड कोर्टाच्या भिंतीवर ठळक मराठीत लावले पाहिजे. आरोपीला पहिल्यांदा समोर आणले की मॅजिस्ट्रेटने त्याला सांगायचे: तुला वकील करायचा हक्क आहे, पैसे नसतील तर सरकारी खर्चाने मिळेल. हे सांगितले नाही तर ती कर्तव्यात कसूर, आणि त्या मॅजिस्ट्रेटवर खात्यांतर्गत कारवाई. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर कॅमेऱ्यात दिसलेल्या माणसाच्या खटल्यात हा नियम घालून दिला गेला. मग मोबाइलचोरीच्या संशयावरून उचललेल्या पोराला तो नाकारायचे कारण कोणते?

रिमांडची ती पाच मिनिटे फार महाग असतात. पोलीस कोठडी (पीसीआर) मागतात, मॅजिस्ट्रेट कागद पाहतो, तारीख पडते. ‘अटकेची वेळ नीट लिहिली आहे का, चोवीस तास उलटून गेले नाहीत ना, हातावर हे वळ कसले, याचे वय काय’ असे विचारणारा तिथे उभा हवा. पुण्याच्या त्या प्रकरणात वयाचा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला असता, तर एक बालपण आणि एक तारुण्य वाचले असते. म्हणून माझा आग्रह आहे की लोक अभिरक्षकाला फोन पोलीस ठाण्यातून गेला पाहिजे, अटक होताच. त्याची वेळ स्टेशन डायरीत लिहिली पाहिजे. कोर्टात पोहोचल्यावर वकील देणे म्हणजे निम्मी लढाई हरल्यावर देणे.

मग जामीन. इथे गरिबाची खरी परीक्षा. आदेश होतो, माणूस आतच राहतो, कारण जामीनदार नाही. जामीनदाराकडे ऐपतीचा दाखला हवा, सात-बारा हवा. ऊसतोडीला गाव सोडून आलेल्याने, पारधी पालावरच्या माणसाने सात-बारा आणायचा कुठून? १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्याच्याकडून दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाचा जामीन नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हाच हे मोडीत काढले. गवंड्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. आज, इतक्या वर्षांनी, तेच अडथळे जागच्या जागी आहेत.

अलीकडे काही दारे उघडली आहेत, तीही सांगतो. जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिला. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी मदत देणारी केंद्राची योजनाही त्याच वर्षीची. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडण्यासाठी अधीक्षकानेच कोर्टात अर्ज करायचा आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले त्यातून वगळले आहेत. कागद चांगले आहेत. पण बरॅकमध्ये बसून नावानिशी यादी काढणारा, तारखा मोजणारा, अर्जाचा पाठपुरावा करणारा कोणी असेल तरच ते कागद चालतात, आणि हे काम लोक अभिरक्षक कार्यालयाच्याच अंगावर येते. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे आत असलेल्या दर चारातल्या तिघांवर गुन्हा सिद्ध झालेला नव्हता.

आणखी एक अडचण खुद्द अशिलांकडून येते, आणि तिचा दोष मी त्यांना देत नाही. ज्या सरकारने पकडले त्याच सरकारने दिलेला वकील आपल्या बाजूने कसा बोलेल, असे त्यांना वाटते. मग बायको मंगळसूत्र गहाण टाकते, बाप शेळ्या विकतो, आणि कोर्टाच्या दारात भेटलेल्या कोणाच्या तरी हातात पैसे ठेवतो. ती व्यक्ती दुसऱ्या तारखेला दिसत नाही. हा अविश्वास पत्रके वाटून जाणार नाही. मोफत मिळालेल्या वकिलाने उलटतपास असा घ्यावा की शेजारच्या बरॅकमध्ये त्याचे नाव पोहोचावे. तसे वकील या कार्यालयांत येत आहेत, तरुण मुली-मुलगे, पहिल्या पिढीचे वकील, ज्यांना कोणा मोठ्या चेंबरमध्ये ओळख नाही. करार संपला की ते जाऊ नयेत. अनुभव हाच त्यांचा खरा पगार असे समजणारे शासन उद्या नवी मुले घेईल आणि अशील पुन्हा शिकाऊ हातांत जाईल. यांची पदे कायम करा, वेतन अभियोक्त्याच्या बरोबरीने ठेवा. ‘पैसा नाही’ हे उत्तर चालणार नाही. पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडल्याच्या बिहारमधल्या भागलपूर प्रकरणात, १९८० मध्येच, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की निधी नसल्याचे कारण देऊन राज्याला मोफत वकील नाकारता येत नाही.

घरातले किंवा वस्तीतले कोणी आज अटकेत असेल, तर एवढे करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तो कोठडीत आहे एवढे पुरते. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग यांनाही उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे साध्या कागदावर अर्ज द्या आणि पोच घ्या. जाता येत नसेल तर १५१०० वर फोन करा. आरोपीच्या वयाचा, शाळेचा, आजाराचा जो कागद घरात असेल तो वकिलाकडे पहिल्याच दिवशी पोहोचवा, मूळ प्रत स्वतःकडे ठेवून. आणि या कामासाठी कोणी पैसे मागितले, तर देऊ नका. त्याच सचिवांकडे लेखी तक्रार करा.