दोर-काका

आमच्या त्रिमूर्तीनगरातल्या या काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती वाचायची कोणाला गरज पडत नाही. सगळे त्यांना दोर-काका म्हणतात. सावनेरकडच्या कोळसा खाणीत हॉलेजचा तारदोर तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली. ज्योतिषी हातावरच्या रेषा पाहतो, काका दोराचे पीळ पाहायचे. रिटायर झाले आणि पाहायला काही उरलं नाही.

मग पुण्याला मुलाकडे गेले असताना हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरच्या कुंपणाशी त्यांचा पुनर्जन्म झाला. बिनइंजिनाचं विमान गवतावर बसलेलं, पार किलोमीटरभर लांब विंच आणि मध्ये दोर. विंचनं दोर गपागप गुंडाळायला घेतला की विमान पतंगासारखं नाक वर करून चढतं, तीन-चारशे मीटरवर दोर सोडून देतं आणि आपल्या वाटेनं तरंगत निघतं. बाकीची मंडळी माना वर करून विमान पाहत होती. काका छोट्या पॅराशूटला लटकत खाली येणारा दोर पाहत होते.

तेव्हापासून काका ग्लायडरसाठी दोर निवडून राहिले आहेत. त्यांच्याकडे ग्लायडर नाही, विंच नाही आणि विमानात बसायची काकूंची परवानगीही नाही. पण ज्याला घ्यायचंच आहे तो घाईत काहीतरी घेऊन मोकळा होतो. निवड अशी निर्मळ मनानं करावी. (कूलरला वाळ्याची ताटी निवडायला हेच काका चैत्रात निघतात आणि पहिल्या पावसात परततात.)

सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर ते गाठतात. "पाच मिलिमीटर जाडीचा पोलादी दोर, किलोमीटरभर. वजन सांग." मी तोंडात पोहे धरून गप्प. "नव्वद किलोच्या वर! तोच सिंथेटिक डायनीमाचा घे. पंधरा किलो. अन् ताकद पोलादापेक्षा जास्त! विमानाला वर जाताना दोराचंही ओझं उचलावं लागते न बाप्पा!"

"मग नायलॉन घ्या की," मी एकदा बोलून गेलो. काकांनी चमचा खाली ठेवला. नायलॉन ताणतो. विमानाच्या मागे बांधून ग्लायडर ओढायचं असेल तर ती लवचीकता कामाची, विंचला नाही. पॉलिप्रॉपिलीन? "आपल्या मे महिन्यात ठेवून पाह्य. जूनमध्ये भुसा उचलशील." डायनीमा उन्हाला त्या मानानं टिकतो, पाण्यावर तरंगतो, तुटला तर पोलादासारखा फटकारत नाही. त्याचे अवगुणही काका सासऱ्यासारखे मोजतात. साधारण दीडशे अंशांच्या आत वितळतो, म्हणून घासणं सोसत नाही. ढिला गुंडाळला तर ताण येताच वरचा वेढा खालच्या थरांत रुतून बसतो. अंगानं इतका गुळगुळीत की साधी गाठ सरकते, आणि टिकलीच तर दोराची निम्मी ताकद खाते. त्यामुळे टोक त्याच दोराच्या पोटात ओवून स्प्लाइस करायचा. तोवर माझी तर्री थंड झालेली असते.

जानेवारीत काका इतवारीत दोरवाल्याकडे गेले. मी सोबत होतो, तेव्हा ऐकीव नाही. संक्रांत चार दिवसांवर, गल्लीत चक्र्या लटकलेल्या, आणि काका भर दुकानात म्हणाले, "सिंथेटिक दाखवा. आकाशात चढवायचं आहे. तुटला नाही पाह्यजे."

दुकानदाराचा चेहरा उतरला. २०१७ साली हरित लवादानं नायलॉन मांजावर बंदी घातली, तेव्हापासून या दिवसांत असं गिऱ्हाईक म्हणजे साध्या कपड्यांतला पोलीसच. "काकाजी, आम्ही नाही ठेवत जी तसलं! सुती घ्या."

"सुतीनं विमान चढते काय?"

"इमान?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पतंगांकडे पाहिलं.

पण काकांचा खरा जीव वीक लिंकवर. दोर आणि ग्लायडर यांच्यामध्ये मुद्दाम कमजोर केलेली धातूची पट्टी असते. जर्मनीच्या टोस्ट कंपनीच्या पट्ट्यांना रंगच ठरलेले: काळी सगळ्यांत दणकट, मग तपकिरी, लाल, निळी अशी उतरत हिरवीपर्यंत. ताण हद्दीबाहेर गेला की आधी पट्टी तुटते, विमानाचे पंख नाही. "तुटणं वाईट नसते," काका आवाज खाली आणून सांगतात, "कुठं तुटायचं ते आपण ठरवलं पाह्यजे."

इकडे काकूंची कपडे वाळत घालायची दोरी दिवाळीत तुटली होती. "आभाळातल्यासाठी दोर पाहून राहिले, गच्चीवरचं कोण पाहीन?" हे आम्ही भिंतीपलीकडून रोज ऐकत होतो. शेवटी फेब्रुवारीत काकांनी पोतडीतून डायनीमाचा नमुना काढला. दोन्ही टोकं स्प्लाइस केली, दोन दिवस लागले. एका टोकाला सुतळीची वीक लिंक बांधली. मग आम्हा शेजाऱ्यांना गच्चीवर बोलावलं.

काकूंनी ओली सतरंजी टाकली. गुळगुळीत दोरीवरून आधीचे कपडे चिमट्यांसकट घसरत मध्यावर गोळा झाले, दोरी वाकली, सुतळी कुरकुरली आणि सगळा संसार धुळीत.

"पाह्यलं?" काका आनंदानं ओरडले. "बरोब्बर तिथंच तुटली!"

काकू सतरंजी उचलून पुन्हा नळाकडे निघाल्या होत्या.