चष्मा काढा, राणी व्हा
मुलगी कुरूप कशाने होते, हा सौंदर्यशास्त्रातला गहन प्रश्न १९९९ सालच्या 'शीज ऑल दॅट' या अमेरिकी चित्रपटाने कायमचा सोडवला. उत्तर: चष्म्याने आणि रंगाने माखलेल्या कपड्यांनी! शाळेचा लाडका झॅक कोणत्याही पोरीला 'प्रॉम क्वीन' म्हणजे शाळेच्या नृत्यसमारंभाची राणी करून दाखवण्याची पैज लावतो, त्याची बहीण नायिकेची, म्हणजे चित्रकार लेनीची, रंगरंगोटी करते, लेनी जिना उतरते आणि ही भूमिका करणारी रेचल ली कुक देखणी आहे हा शोध शाळेला लागतो. प्रेक्षकांना तो पहिल्या दृश्यातच लागलेला असतो.

गोष्टीचं मूळ बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकात. पण तिथे, आणि पुलंच्या 'ती फुलराणी'तही, नायिकेला निदान भाषेवर घाम गाळावा लागतो. इथे भुवया कोरल्या की शिक्षण पूर्ण.

तरीही श्रेय द्यायला हवं. लेनी राणीपदाची निवडणूक चक्क हरते, मुकुट तिच्या तोरेबाज प्रतिस्पर्धी टेलरलाच मिळतो. निवडणुकीचं इतकं वास्तववादी चित्रण भल्याभल्या राजकीय चित्रपटांना जमत नाही. शिवाय कुकचा फटकळपणा पटकथेपेक्षा हुशार आहे.

मात्र लोकप्रियता पोकळ असते हे बजावणारा हा चित्रपट शेवटी नायिकेला बक्षीस देतो ते शाळेतला सर्वांत लोकप्रिय पोरगाच. निकाल: उत्तीर्ण, पण काठावर.