मनोरुग्ण : निरंक

तुरुंगाच्या डॉक्टरने दर तीन महिन्यांनी वर एक अहवाल धाडायचा असतो, की आमच्या तुरुंगात एकही मनोरुग्ण नाही. थट्टा नाही, मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017, कलम 103. किती आहेत ते मोजा, असं कायदा म्हणत नाही. नाहीत, असं प्रमाणित करा म्हणतो. हेतू भला आहे म्हणा. आजारी कैद्याला कोठडीत न ठेवता रुग्णालयात हलवावं, एवढाच. पण ज्या राज्यात ‘निरंक’ हा सरकारी फायलींचा आवडता शब्द, तिथे असा रकाना छापणं म्हणजे मांजरीलाच दुधाची राखण सांगणं.

समजा, आसेगावचा एक गडी. रोज हातभट्टीची मारणारा. घरात हाणामारी केली, ठाण्यात बसला. अटकेनंतर डॉक्टरची तपासणी होते; कायद्यानुसार तिच्यात जखमा आणि मारहाणीच्या खुणा नोंदवायच्या. जखम नाही? बरं, पुढे चला. मंगरुळपीरचं कोर्ट, तिथून वाशिमचं कारागृह. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात लटलट कापतात, भिंतीवर किडे चालताना दिसतात, रात्रभर आरडाओरडा. बराक म्हणते, नाटकं करतो. भेटीला आलेली म्हातारी म्हणते, बाहेरचं लागलं. रोजची दारू एकदम तुटली की असं होतं, आणि वेळेत उपचार नाही मिळाले तर माणूस मरतो. तोवर शिस्तभंगाची नोंद मात्र होऊन जाते. ती कधी निरंक नसते!

बंगळूरच्या कारागृहात निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी पाच हजारांवर कैदी तपासले, निष्कर्ष 2011 मध्ये छापले. जवळपास 80 टक्क्यांना मानसिक आजार किंवा व्यसन. व्यसन बाजूला काढलं तरी 27.6 टक्के उरतातच. आपल्याकडचे कैदी इतके ठणठणीत असतील तर वऱ्हाडच्या हवेचं पेटंट घ्यायला हवं. आणि आजारी असं लिहिलंच, तर हलवायचं कुठे? राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर. वाशिमहून नागपूर अडीचशे किलोमीटरच्या घरात. तिथे न्यायला गाडी हवी, पोलीस बंदोबस्त हवा, कोणाची तरी सही हवी.

तेव्हा आपला माणूस आत गेला, तर वकील शोधण्याआधी ठाणेदाराला आणि तपासणाऱ्या डॉक्टरला सांगा: हा रोज किती पितो, शेवटची कधी घेतली, डोक्याची कोणती गोळी चालू आहे. नुसतं सांगून थांबू नका. अर्ज द्या आणि पोच घ्या.