कुंगफू : एक अधिकृत नोंद

कुंगफू हा आठ बिटच्या टीव्ही गेमवर खेळायचा मारामारीचा खेळ. मूळ जपानी नाव स्पार्टन एक्स. आयरेम या जपानी कंपनीने १९८४ साली तो पैसे टाकून खेळायच्या यंत्रासाठी काढला आणि निन्टेंडोने २१ जून १९८५ रोजी त्याची घरगुती आवृत्ती बाजारात आणली. १९९०च्या दशकात हा खेळ घाटकोपर पूर्वेला, पंतनगरात पोचला आणि तिथे त्याला त्याचा सर्वश्रेष्ठ खेळाडू लाभला, असे जाणकारांचे मत आहे. या जाणकारांची संख्या मर्यादित असून त्यांपैकीच एकाने प्रस्तुत नोंद लिहिली आहे. त्या खेळाडूचे नाव देणे विनयाला धरून होणार नाही. सबब त्याचा उल्लेख यापुढे ‘सदर खेळाडू’ असा केला आहे.

खेळाची रचना ताकाशी निशियामा यांची. याच निशियामांनी पुढे कॅपकॉमसाठी पहिला स्ट्रीट फायटर (१९८७) आणि एसएनकेसाठी फेटल फ्यूरी (१९९१) रचला. म्हणजे मारामारीच्या खेळांचे अर्धे घराणे कुंगफूपासून सुरू होते. नायक थॉमस आणि पळवून नेलेली सिल्व्हिया ही नावे जॅकी चॅनच्या १९८४च्या ‘व्हील्स ऑन मील्स’ या चित्रपटातली. तो जपानमध्ये ‘स्पार्टन एक्स’ याच नावाने लागला होता. चित्रपटातला थॉमस बार्सिलोनात नात्यातल्या भावाबरोबर खाण्याची गाडी चालवतो. ही माहिती वेळेवर मिळाली असती, तर वल्लभबाग लेनच्या खाऊगल्लीजवळ वाढलेल्या मुलांना थॉमस आपल्यातलाच वाटला असता. खेळात मात्र गाडी नाही, बार्सिलोना नाही; आहे तो पाच मजली वाडा आणि दर मजल्यावर एकेक उस्ताद. ही कल्पना ब्रूस लीच्या ‘गेम ऑफ डेथ’मधली. घरगुती आवृत्ती शिगेरु मियामोतो यांच्या हाताखाली झाली आणि सरकते दृश्य दाखवण्याचा तो अनुभव त्याच वर्षीच्या सुपर मारिओला उपयोगी पडला. पंतनगरात मारिओ येताच कुंगफूला अडगळीत टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

निन्टेंडोचे मूळ यंत्र जुलै १९८३चे. भारतात ते ‘समुराई’ या नावाने आले आणि त्याच्या आगेमागे असंख्य नावांच्या नकला आल्या. घरोघरी त्या सगळ्यांना टीव्ही गेम म्हणत. साठ पिनांची पिवळी किंवा काळी कॅसेट वरच्या खाचेत बसवायची, आणि चित्र आले नाही तर काढून, फुंकून पुन्हा बसवायची. वास्तविक फुंकरीचा उपयोग नसतो. कॅसेट काढून घातल्यामुळे पिना घासल्या जातात, त्याने काम होते. उलट तोंडाच्या दमट हवेने पिना गंजतात. हे कळल्यावरही सदर खेळाडूने फुंकर सोडलेली नाही, कारण त्याच्या फुंकरीला यश येते अशी इमारतीत ख्याती होती आणि तळमजल्यावरून कॅसेटी त्याच्याकडे फुंकून घ्यायला येत.

कॅसेटवर बहुधा ‘९,९९,९९९ इन १’ असे छापलेले असे. सदर खेळाडूचे आजोबा गिरणीच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पाकिटाच्या मागे आकडेमोड करून सांगितले, की एका खेळाला एक मिनिट धरले तरी सगळे खेळ नुसते उघडून बघायला, रात्रीची झोप सोडून, ६९४ दिवस लागतील. तेव्हा विकणाऱ्याने माल तपासलेला नाही. त्यांचे म्हणणे बरोबर होते. आत मोजकेच खेळ असत आणि तेच निरनिराळ्या नावांनी यादीत फिरत. त्या मोजक्यांत कुंगफू हमखास असे, त्याचे कारण त्याचा आकार : अवघे ४० किलोबाइट. आज सकाळी मोबाइलवर येणारे सुप्रभाताचे एक चित्रही याहून जड असते. त्या चित्रात सिल्व्हिया नसते, ही गोष्ट वेगळी.

खेळाचे नियम सोपे आहेत. पहिल्या मजल्यावर थॉमस उजवीकडून डावीकडे चालतो, दुसऱ्यावर डावीकडून उजवीकडे, आणि असेच आलटून पालटून पाचव्यापर्यंत. एका बटणाने ठोसा, दुसऱ्याने लाथ, वरची कळ दाबली की उडी, खालची दाबली की बैठक. लाथ लांब पोचते, पण ठोशाला गुण जास्त. म्हणून भित्रे लोक लाथा मारतात आणि सदर खेळाडूसारखे लोक ठोसे. सुरेफेके कधी डोक्याच्या उंचीवर सुरा टाकतात, कधी गुडघ्याच्या. दुसऱ्या मजल्यावर छतातून मडकी आणि गोळे पडतात. मडक्यांतून साप निघतात, गोळ्यांतून आग ओकणारे ड्रॅगन. पुढे कोलांटी मारून अंगावर येणारे बुटके भेटतात.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचा शत्रू म्हणजे मिठी मारणारा. त्याच्याजवळ शस्त्र नाही, तो ठोसा मारत नाही, शिवी देत नाही. तो दोन्ही हात पुढे करून चालत येतो आणि थॉमसला कवटाळतो. मग दुसरा येतो आणि पहिल्याच्या जोडीला चिकटतो. मग मागून तिसरा. थॉमस जागच्या जागी उभा आणि वरच्या पट्टीतली त्याची ताकद सरसर ओसरत चाललेली. मार एकही बसलेला नसताना माणूस मरतो, हे या खेळाने जगाला प्रथम दाखवले असेल. घाटकोपरकरांना त्याचा प्रत्यय सकाळी पावणेनऊला रेल्वे स्टेशनच्या पुलावर येतो. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तेव्हापासून मध्य रेल्वेची लोकल सोडून मेट्रोकडे धावणारे आणि मेट्रो सोडून लोकलकडे धावणारे असे दोन प्रवाह एकाच पुलावर समोरासमोर येतात. खेळातही मिठी मारणारे दोन्ही बाजूंनी येतात; रचनाकाराच्या दूरदृष्टीला दाद द्यावी तेवढी थोडी.

इथे मूळ विषयाकडे वळायला हवे. पण दोन्ही ठिकाणांतला फरक सांगितल्याशिवाय वळणे अशास्त्रीय होईल. खेळात मिठी सोडवायची रीत ठरलेली आहे : डावी आणि उजवी कळ भराभर आलटून पालटून दाबायची, की सगळे एकदम गळून पडद्याबाहेर जातात. पुलावर सदर खेळाडूने ही रीत अवलंबिली असता शेजारच्या गृहस्थांनी ‘काय होतंय काय तुम्हाला?’ अशी विचारणा केली. दुसरे असे, की खेळात गळून पडलेला माणूस पुन्हा दिसत नाही. पुलावर सुटलेला माणूस विक्रोळीपर्यंत बरोबर येतो. तिसरे, खेळात कोपर मारण्याची सोय नाही आणि पुलावर कोपराला गुण नाहीत. आणि चौथे, हे विनोदाचे नाही. थॉमसला एका मजल्यानंतर ताकद पूर्ण भरून मिळते. पुलावरून जाणाऱ्याला ती मिळत नाही. तो रात्री उरलेली पट्टी घेऊन घरी येतो आणि त्याच पट्टीवर दुसऱ्या दिवशी निघतो. दहा-दहा वर्षे लोकांनी असे जावे आणि त्याला शहराची जिद्द म्हणून टाळ्या मिळाव्यात, ही टाळ्या वाजवणाऱ्यांची सोय आहे. पुलांना रुंदी लागते, जिद्द लागत नाही. आता मूळ विषय.

मजल्याच्या टोकाला उस्ताद उभा असतो. पहिल्यावर काठीवाला, दुसऱ्यावर बूमरँगवाला, तिसऱ्यावर धिप्पाड पैलवान, चौथ्यावर जादूगार आणि पाचव्यावर खुद्द मिस्टर एक्स. यांपैकी कोणाकडून थॉमस हरला, की टीव्हीतून खदाखदा हसण्याचा आवाज येतो. पंतनगरच्या जुन्या इमारतींत एका घरातली फोडणी तिसऱ्या घरात शिंकायला लावी. त्यामुळे हसणे कोणत्या खोलीतून आले आणि पराभव कोणाचा झाला, हे मजल्यावर लपून राहत नसे. सदर खेळाडू जादूगाराच्या आधी टीव्हीचा आवाज बंद करी. शेजारी दहावीचा मुलगा आहे, त्याच्या अभ्यासात व्यत्यय नको, असे कारण तो देई. त्या मुलाची दहावी झाली, बारावी झाली, तो नोकरीला लागला. आवाज बंदच राहिला.

आजोबा खेळत नसत. ते मागे आरामखुर्चीत बसून सूचना देत. सुरा वरून आला की ‘वाक, वाक!’ आणि खालून आला की ‘उडी मार!’ या सूचना सुमारे अर्ध्या सेकंदाने उशिरा येत, म्हणजे सुरा लागून गेल्यावर. सदर खेळाडू त्यावर चिडे आणि ‘आजोबा, तुम्ही गप्प बसा हो,’ असे म्हणे. ते गप्प बसत आणि पुढच्या सुऱ्याला पुन्हा ‘वाक!’ म्हणत. त्यांचे दुसरे काम गुणसंख्या लिहून ठेवण्याचे. नोंद नसलेली रक्कम जमा धरायची नाही, हा गिरणीतला शिरस्ता. म्हणून खेळ संपला की ते उठून भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकटीत आकडा टिपत. त्याच चौकटीत दुधाचा हिशेब असे. महिनाअखेर दूधवाल्यासमोर दीड लिटरच्या शेजारी सहा आकडी संख्या दिसे आणि तो बिचारा दचके. आजोबा गेल्यावर सूचना थांबल्या. समोर अडथळा नाही, कानाशी कलकल नाही, लक्ष पूर्ण पडद्यावर. खेळ सुधारायला हवा होता. तो सुधारला नाही. उशिरा का होईना, कोणीतरी ‘वाक’ म्हणत आहे याचा सुऱ्याच्या वेगाशी काही संबंध नसतो, आणि तरी असतो, एवढेच या बाबतीत म्हणता येते. कालनिर्णय दर जानेवारीला रद्दीत जाई. त्या वर्षीचेही गेले.

कुंगफूचा घरगुती ऱ्हास पुढीलप्रमाणे झाला. टीव्ही गेमने पिक्चर ट्यूब जाते, हे मत घरातील वडीलधाऱ्यांचे. ॲडॉप्टरला हात लावून तो तापलेला दाखवणे हा पुरावा. संध्याकाळच्या मालिकांनी टीव्हीचा ताबा घेतला. मारिओ आणि कॉन्ट्रा यांनी उरलेला वेळ घेतला. पार्लरमध्ये स्ट्रीट फायटर २ (१९९१) आला, त्यात दोघे समोरासमोर एकाच वेळी लढू शकत. कुंगफूत दुसऱ्या खेळाडूला पहिला मरेपर्यंत बसून राहावे लागे, आणि पहिला सदर खेळाडू असला तर बराच वेळ. १९९५च्या सुमारास शॉ वॉलेसमार्फत सेगाचे सोळा बिटचे यंत्रही भारतात आले. त्याची किंमत पाहता पंतनगरात त्याची चर्चाच अधिक झाली.

आज हा खेळ मोबाइलवर किंवा संगणकावर नक्कल-यंत्राने खेळतात. त्यात हवे तिथे खेळ साठवता येतो आणि मार बसला की मागेही नेता येतो. सदर खेळाडूच्या भाच्याने अशा रीतीने एका संध्याकाळी पाचही मजले पार केले आणि ‘मामा, सोपा आहे,’ असा अभिप्राय दिला. जो मरत नाही त्याला सुऱ्याविषयी मत देण्याचा अधिकार नाही, हे त्याला समजावून सांगण्यात आले. तोपर्यंत तो दुसऱ्या खेळाकडे वळला होता.

पाचव्या मजल्यावर मिस्टर एक्स पडला की सिल्व्हिया सुटते, थॉमसची आणि तिची क्षणभर भेट होते आणि खेळ पुन्हा पहिल्या मजल्यापासून, अधिक कठीण होऊन, सुरू होतो. म्हणजे हा खेळ जिंकता येत नाही. कोण श्रेष्ठ हे केवळ गुणांवरून ठरते. आणि गुण साठवण्याची सोय त्या कॅसेटमध्ये नाही. यंत्राचे बटण बंद केले की सर्वोच्च गुणसंख्या पुसली जाते. कालनिर्णय रद्दीत गेले, जुन्या इमारती पुनर्विकासात पडल्या आणि शेजारी डोंबिवलीपासून न्यू जर्सीपर्यंत पांगले. परिणामी, सदर खेळाडूच्या श्रेष्ठत्वाविरुद्ध कोणताही पुरावा आज उपलब्ध नाही. सबब त्याचा दावा ग्राह्य धरण्यात येत आहे.